ठिपक्यांचे हातमोजे

"साहेब, धाकटीचे हात तुम्ही जाळलेत. ॲसिडचं नाव पुढे करू नका. ॲसिड बिचारं टाकीत पडून असतं, ते आपण होऊन चालत कुणाच्या अंगावर जात नाही. तुम्ही जाळलेत. खुर्चीत बसून, पंख्याखाली, पेन न उचलता."

हे सगळं थोरली मनातल्या मनात म्हणत होती. केबिनबाहेरच्या लोखंडी बाकावर बसून तिने ते सात-आठ वेळा घोळवलं होतं, आणि दर वेळी शेवटी एक शिवी वाढत होती. शिवी गिळायची आणि बाकीचं बोलायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

बोलावणं धाकटीसाठी नव्हतंच. थोरलीला स्वतःलाच नोटीस मिळाली होती. ड्रिल मशीनवर हातमोजे न घालता काम करताना तीन वेळा आढळली, सबब हजर राहून खुलासा द्यावा. धाकटी म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको, त्याच कारखान्यात ॲसिडच्या टाकीवर. हातमोजे घालून घालून तिचे हात सोलले तर तिचं कुणी नाव घेईना, आणि जिने घातले नाहीत, जिची दहाच्या दहा बोटं शाबूत, तिला नोटीस. पण थोरली मनातून खूश होती. तिचा धाकटीसाठीचा अर्ज या दारातून दोनदा परत आला होता. नोटीस निघाली म्हणून तरी दार उघडणार होतं.

कारखाना बिजागऱ्यांचा. दाराच्या, खिडकीच्या, कपाटाच्या. पत्रा कापायचा, वाकवायचा, ड्रिलवर भोकं पाडायची, मग ॲसिडच्या टाकीत बुडवून गंज आणि मळ काढायचा, धुवायचा, चकाकी चढवायची आणि खोक्यात भरायचं. पाच खात्यांत पाच तऱ्हेची कामं. एकाला धार, एकाला फिरतं यंत्र, एकाला ॲसिड. पाचही जागी माणसाच्या हाताला होणारी इजा वेगळी. आणि वरच्या कार्यालयाने पाचांसाठी आणले काय? तर एकच हातमोजे. पांढरे, सुती विणीचे, तळव्यावर पिवळ्या रबराचे ठिपके. सगळे घोडे बारा टक्के!

तीन महिन्यांपूर्वी पत्रा कापणाऱ्या एकाचा तळवा फाटला होता, तेव्हा हे फर्मान निघालं. फाटकावर पाटी लागली. पाटीवर हसऱ्या माणसाचं चित्र, हातात ठिपक्यांचे मोजे, आणि खाली 'हात आपले, काळजी आपली'. त्या माणसाच्या हातात काम कुठलंच नव्हतं. म्हणून तो हसत होता.

बरं, नवे मोजे तरी ज्याला जास्त गरज त्याला मिळावेत? तेही नाही. नवी जोडी आधी पॅकिंगला जायची, कारण पाहुणे आले की आधी पॅकिंग बघतात. तिथे आठवडाभर वापरून मळली की ड्रिलवर आणि प्रेसवर. तिथे बोटांची टोकं उसवली, धागे लोंबायला लागले, की टाकीवर. घरात थोरल्याचा सदरा विटला की धाकट्याला देतात ना, तसं. ही रीत काढली सुपरवायझरने. तो कायम हातात लोखंडी पट्टी घेऊन फिरायचा म्हणून सगळे त्याला पाठीमागे पट्टी म्हणायचे. कुणी विचारलं की पट्टी सांगायचा, "टाकीवर तसेही खराबच व्हायचेत. चांगले कशाला नासवा?"

मोज्यांबद्दल म्हणायचा हो. हातांबद्दल नव्हे.

थोरली ड्रिलवर चौदा वर्षं होती. तिला काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या मिस्तरीने. पहिल्या दिवशी त्याने मशीनला हात लावू दिला नाही. आधी तिची अंगठी उतरवून घेतली, बाह्या कोपरापर्यंत दुमडायला लावल्या, केस घट्ट बांधायला लावले. मग म्हणाला, "पोरी, धारेपुढे मोजा घाल, भट्टीपुढे घाल, पण जे फिरतं त्याच्यापुढे कधी घालू नकोस. उघड्या हाताला ड्रिल लागलं तर कातडं जाईल, ओरडशील, हात मागे घेशील. मोज्याचा धागा एकदा गुंडाळला की ओरडायलाही वेळ नाही. ते धागा ओढत नाही, धाग्यामागे जो असेल त्याला ओढतं." तिने ते गाठीशी बांधलं. माल शिकंज्यात आवळायचा, लोखंडाचा कीस ब्रशने झाडायचा, हात लांब. चौदा वर्षांत एक ओरखडा, तोसुद्धा शिकंज्याच्या कडेचा.

आता ते सुरक्षेचे साहेब तिला शिकवणार होते. उंटावरून शेळ्या हाकणारे.

पण बाकावर बसल्या बसल्या तिला जे सलत होतं ते वेगळंच होतं. आदल्या संध्याकाळचं.

संध्याकाळी घरी आली तेव्हा धाकटी ओट्यापाशी उभी राहून लेकीच्या फ्रॉकची बटणं लावत होती. म्हणजे लावायला बघत होती. बोटांची पेरं सुजून पांढरी पडलेली, मधलं कातडं ओल्या कागदासारखं सुटलेलं, मनगटावर मोजा जिथे संपतो तिथे लालभडक कडं. दवाखान्याच्या मलमाने बोटं बुळबुळीत झालेली, बटण निसटत होतं. शेवटी ती वाकली आणि दातांनी बटण धरून काजात ओढायला लागली. पोरगी हसायला लागली, तिला तो खेळ वाटला.

थोरली पुढे झाली. "सरक, मी लावते."

"राहू द्या," धाकटी दातांतलं बटण न सोडता म्हणाली. मग बटण लागलं आणि तिने मान वर केली. "तुमचेच उपकार फिटता फिटत नाहीत. आणखी कशाला?"

"कसले उपकार?"

"नोकरी लावलीत की. 'ये माझ्या कारखान्यात, मी आहे ना.' आहात खऱ्या. पन्नास पावलांवर. मी टाकीत हात घालते आणि तुम्ही तिकडे भोकं पाडता."

"कामाला मी लावलं. मोजे मी नाही निवडले."

"नाही?" धाकटीने पोरीला बाहेर पिटाळलं आणि दार लोटलं. "पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं होतं, जाऊबाई, चुरचुरतंय. तेव्हा काय म्हणालात? आठवतंय?"

थोरलीला आठवत होतं.

"दोन घाल म्हणालात. एकावर एक. मीही शहाणी, घातले. दीड महिना घातले. गेल्या आठवड्यात ॲसिडची पिंपं घेऊन तो ड्रायव्हर आला. त्याचे मोजे कोपरापर्यंत, काळे, जाड रबराचे. माझ्याकडे बघून हसला मेला. म्हणाला, 'बाई, हे मोजे नाहीत, हे स्पंज आहेत. उघड्या हातावर ॲसिड उडालं तर तू पळत जाऊन नळाखाली धरशील. हे पिऊन बसतं आणि तासन् तास तुझ्या कातड्याला चिकटून राहतं. आणि तू तर दोन घातलेस!'"

"मला ड्रिलचं कळतं गं," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ॲसिडचं नव्हतं कळत."

"मग गप्प राहायचं होतं! नाही कळत म्हणायला जीभ झडते का? तुम्हीही त्यांच्यातल्याच. आपलं काम आपल्याला माहीत म्हणजे जगाचं माहीत." धाकटीने कागद पुढे फेकला. दवाखान्याची चिठ्ठी. चार दिवस विश्रांती दिली होती, ती संपत आली होती. खाली लिहिलेलं, कामावर रुजू होण्यास हरकत नाही. "परवा सकाळी सातला टाकीवर. हेच हात, तेच मोजे. तुमचं काय, तुम्ही उद्या साहेबापुढे चार शब्द बोलाल आणि सुटाल. तुम्हाला बोलता येतं."

त्या बोलण्यावर थोरलीला रात्रभर राग आला होता. सकाळी उठली तेव्हा कळलं, राग येण्यासारखं त्यात खोटं काहीच नव्हतं.

"चला, बोलावलंय," पट्टी दारातून म्हणाला.

सुरक्षेचे साहेब तरुण होते, इस्त्रीचे होते, आणि टेबलावर ठिपक्यांच्या मोज्यांची एक कोरी जोडी ठेवून बसले होते. मोज्यांना अजून कागदाची पट्टी होती.

"बसा बाई. हे काय आहे?"

"मोजे."

"कशासाठी असतात?"

"तेच विचारायला आलेय साहेब. कशासाठी आहेत?"

पट्टीने खाकरून तिच्याकडे बघितलं. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, हातमोजे तुमच्या भल्यासाठी. सगळ्यांना सारखे. आपण कुणात भेदभाव करत नाही."

"घरी तुमच्याकडे चपला असतील, बूट असतील, पोहायला जात असाल तर तिथे अनवाणी. तिथे करता ना भेदभाव? का आंघोळीलाही बूट घालूनच?"

"तोंड सांभाळ," पट्टी म्हणाला.

"सांभाळलंय म्हणून एवढंच निघालं." ती साहेबांकडे वळली. "मी मोजे का घालत नाही ते तोंडाने सांगितलं तर तुम्ही खुलासा म्हणून लिहाल आणि फायलीत घालाल. तुम्ही या ड्रिलवर. पाच मिनिटं. मग हवी ती शिक्षा करा."

साहेबांना वाटलं असावं, बाई मोजे घालून दाखवणार. उठले. ती कोरी जोडीही बरोबर घेतली.

ड्रिलच्या खात्यात सगळ्यांच्या माना वळल्या, पण मशिनी कुणी थांबवल्या नाहीत. थोरलीने साहेबांच्या हातातला एक मोजा मागून घेतला. त्यात चिंध्या कोंबल्या, पाचही बोटांत, अगदी टोकापर्यंत, नीट, जणू हातच भरला आहे. मग तो हातभर लांबीच्या लाकडी दांडक्याच्या टोकाला सैल बांधला. साहेबांना दोन पावलं मागे उभं केलं. मशीन चालू केलं. आणि दांडकं पुढे करून मोज्याच्या करंगळीचं टोक फिरत्या ड्रिलला नुसतं टेकवलं. दाबलं नाही. टेकवलं.

कुणाला काही दिसलंच नाही. फट्, असा एक आवाज झाला. दांडकं रिकामं होतं आणि मोजा ड्रिलभोवती वळकटी होऊन फटाफटा टेबलावर आपटत होता. बोटांतल्या चिंध्या उसवून भिरभिरत बाहेर पडल्या. एक साहेबांच्या बुटावर.

तिने मशीन बंद केलं. आता मात्र बाकीच्या मशिनीही एकेक करून थांबल्या.

"करंगळीपासून सुरुवात झाली होती," ती म्हणाली. "संपलं कुठे ते बघा."

साहेब वळकटीकडे बघत राहिले. त्यांचा रंग उतरला होता. ते वाईट माणूस नव्हते असं कुणी म्हणेल. म्हणू दे. चांगल्या माणसानेही मोजे निवडण्याआधी एकदा खाली उतरून मशीन बघायला हवं होतं.

पहिलं तोंड पट्टीने उघडलं. "कंपनीचा नवा मोजा फाडला. हे पण नोटिशीत घ्या साहेब."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी पट्टीला हाताने गप्प केलं. म्हणाले, "ठीक आहे. ठीक आहे बाई. मुद्दा लक्षात आला. ड्रिलला सूट देऊ. तुमची नोटीस मागे घेतो. तसा कागद आत्ताच करून घेऊ, तुम्ही सही करा की विषय संपला."

विषय संपला! किती पटकन संपतो साहेबांचा विषय.

पट्टी धावत जाऊन कागद करून आला. हातातली लोखंडी पट्टी कागदाखाली धरून त्याने पेन पुढे केलं. "कर सही. जिंकलीस."

थोरलीने पेन घेतलं आणि कागद वाचायला लागली. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण कागदाखाली नाव लिहिण्याआधी तो वाचायचा हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ती बोट ठेवून, एकेक ओळ, ओठ हलवत वाचत होती. पट्टी घड्याळ बघत होता. पहिल्या दोन ओळींत ड्रिलची सूट होती, नोटीस मागे होती. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. 'अन्य सर्व खात्यांतील कामासाठी सदर हातमोजे योग्य व पुरेसे असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.'

तिने ती ओळ मोठ्याने वाचली. मग पुन्हा एकदा वाचली, मागच्या मशीनपर्यंत जाईल अशी.

"ही ओळ कशाला?"

"पद्धत असते," पट्टी म्हणाला. "तुझं काम झालं ना? दुसऱ्याच्या भानगडीत पडून कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस?"

तुम्ही सुटाल, धाकटी म्हणाली होती. दार उघडं होतं, सुटायला एका सहीचाच अवकाश होता. चौदा वर्षांची नोकरी, नोटीस मागे, हात शाबूत. सही केली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला धाकटी टाकीपाशी उभी राहिली असती, तेव्हा पट्टीने हाच कागद तिच्या नाकापुढे धरला असता. बघ, तुझ्या जाऊबाईंचीच सही.

"साहेब," थोरली म्हणाली, "मी एकदा या मोज्यांबद्दल न कळता बोलले. जावेला म्हणाले, दोन घाल. माझ्या त्या दोन शब्दांनी तिचे हात किती सोलले ते मी रोज बघते. आता पुन्हा न कळता बोलायला सांगताय? तेही सहीनिशी?"

"तुमच्या जावेचं प्रकरण वेगळं आहे. तिला मोजे दिलेले होते. तिने काळजी घेतली नसेल."

"दुसरा मोजा कुठाय?"

साहेबांच्या हातात तो अजून होता. जोडीतला उरलेला, कोरा, कागदी पट्टीसकट.

थोरलीने ड्रिलवर ओतायच्या पाण्याची बादली पायाने पुढे सरकवली. "आजच भरलेली आहे. नळाचं पाणी. ॲसिड नाही, साबण नाही, तेल नाही. तो मोजा घाला साहेब, आणि हात बुडवा. हात कोरडा राहिला तर मी तुमच्या तिसऱ्या ओळीवर सही करते. चौथी लिहा, तिच्यावरही करते."

साहेबांनी बादलीकडे बघितलं. मोजा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

"काय पोरखेळ चाललाय," ते म्हणाले.

"पाणीच आहे."

"माझ्या हातात घड्याळ आहे."

"काढा. मी धरते."

"भिजेल ना तो!" साहेब चिडून ओरडले, आणि ओरडून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.

पट्टी मधे पडला. तो आता थोरलीच्या अगदी तोंडाशी येऊन बोलत होता. "ऐक. शेवटचं सांगतो. सही करणार नसलीस तर ड्रिलची सूटही नाही. नोटीस उभी. आज दुपारपासून तू निलंबित. आणि तुझी जाऊ उद्या सातला टाकीवर हवी, नाहीतर तीही घरी. दोघी बसा एकमेकींच्या उवा मारत."

"तिला पाठवते," थोरली म्हणाली. "कोपरापर्यंतचे रबरी मोजे द्या, साडेसहालाच पाठवते. तुमच्या त्या पिंपांवर चित्र आहे तसलेच. ती आणणारा ड्रायव्हर घालतो तसलेच. ॲसिड विकणाऱ्याला कळतं, वाहून आणणाऱ्याला कळतं, ते विकत घेणाऱ्याला कळू नये?"

"मागणी वर पाठवावी लागेल," साहेब पुटपुटले. "निवड वरून होते. माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

पत्रा कापणारा, ज्याचा तळवा तीन महिन्यांपूर्वी फाटला होता, तो आपलं खातं सोडून दारात येऊन उभा राहिला होता. प्रेसवाल्या दोघी त्याच्यामागे. पॅकिंगच्या एकीने हातातले नवे मोजे काढले आणि खिडकीवर ठेवले. कुणी घोषणा दिली नाही की हात वर केले नाहीत. नुसती उभी राहिली सगळी.

थोरलीने कागद ड्रिलच्या टेबलावर ठेवला, मोज्याच्या वळकटीशेजारी. तिसरी ओळ खोडली. एक रेघ मारली, मग दुसरी, मग इतक्या की कागद फाटला. जिथे तिची सही हवी होती तिथे तिने मोठ्या, वाकड्या अक्षरांत दोन ओळी लिहिल्या आणि कागद साहेबांच्या छातीशी धरला. साहेब वाचेनात, तेव्हा तिनेच वाचून दाखवलं.

"उद्या सकाळी सात वाजता हे हातमोजे घालून टाकीत हात घालायला निवड करणाऱ्यांपैकी कोण येणार आहे? नाव लिहा."

साहेबांनी पट्टीकडे बघितलं. पट्टी जमिनीकडे बघत होता.

"इकडे तिकडे काय बघता? माझं नाव नोटिशीवर आहे, नवऱ्याच्या नावासकट. जावेचं नाव दवाखान्याच्या चिठ्ठीवर आहे. तुमच्यातल्या एकाचं तरी नाव कुठे आहे? पेन माझ्याजवळ आहे, कागद तुमच्याजवळ आहे, आणि मला दुपारपर्यंत दुसरं काम नाही. बोला साहेब. कोण येणार?"